आटे गेले म्हणून इंजिन टाकायचे?

कला शाखेच्या वार्षिकांकात स्कूटरच्या इंजिनावरचा लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, हे मी गृहीत धरले आहे. कविता, दोन-तीन कथा, सहलीचे वर्णन आणि हुंडा किंवा बेकारी यांपैकी एका प्रश्नावर वैचारिक लेख, असा आपल्या अंकाचा शिरस्ता. त्यात हे नट-बोल्ट कुठून उपटले? उत्तर सोपे आहे. आमगाव, गोरेगाव, तिरोडा, सालेकसा या बाजूंनी गोंदियाला शिकायला येणाऱ्या आपल्यापैकी ज्यांच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची जुनी चेतक अजून पडवीत उभी आहे, त्यांनी एक वाक्य कधी ना कधी ऐकलेच असेल : “चुडी मरली, भाऊ. आता इंजिन गेलं.” या वाक्याचा पूर्वार्ध बहुधा खरा असतो. उत्तरार्ध मात्र बहुतेक वेळा खोटा असतो. माझे भांडण त्या उत्तरार्धाशी आहे.

चुडी म्हणजे आटे. पाठ्यपुस्तक त्याला मळसूत्र म्हणते, घरात आपण आटे म्हणतो आणि गॅरेजात चुडी. एका वस्तूला तीन शब्द आणि ते तिन्ही शब्द एकमेकांच्या घरी जात नाहीत. बालाघाट इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आपल्या गॅरेजांची भाषा निम्मी हिंदी असणार हे ओघानेच आले. त्यात काही वाईट नाही. पण चुडी मरते म्हणजे नेमके काय होते, हे शुद्ध मराठीत, हिंदीत किंवा झाडीबोलीत कोणी कुठे नीट लिहून ठेवलेले मला आढळले नाही. म्हणून प्रथम ते सांगतो.

चेतकचे इंजिन हवेने थंड होणारे. त्याला पाण्याची टाकी नाही, रेडिएटर नाही. फ्लायव्हीलला जोडलेला पंखा हवा फेकतो, पत्र्याचे आवरण ती हवा सिलिंडरच्या पंखांवरून नेते. सिलिंडर, म्हणजे गॅरेजातला ‘ब्लॉक’, बिडाचा. त्यावरचे हेड ॲल्युमिनियमचे आणि खालचा क्रँककेसही ॲल्युमिनियमचाच. क्रँककेसमध्ये पोलादाचे चार लांब स्टड रोवलेले असतात. ते ब्लॉकमधून आरपार वर येतात, हेडमधूनही बाहेर पडतात आणि त्यांच्या टोकांवर चार नट बसतात. हे चार स्टड हेच ब्लॉक आणि हेड या दोघांना क्रँककेसशी बांधून ठेवतात. दर फेरीला सिलिंडरात जो भडका उडतो, त्याचा हेडला बसणारा सगळा धक्का शेवटी येऊन थांबतो तो क्रँककेसमधल्या बोटभर भोकातल्या आट्यांवर. स्टड पोलादी, भोक मऊ धातूचे. कोण हरणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

त्यात उष्णतेची भर. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढते. एका अंशाला दहा लाखात सुमारे २३ भाग, तर पोलाद सुमारे १२. इंजिन तापले की हेड फुगू पाहते, स्टड मात्र त्याच्याइतका लांबत नाही. म्हणजे गार असताना जो ताण बेताचा होता, तो गरम झाल्यावर वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. भातगिरण्यांचा कोंडा आणि रस्त्यावरची धूळ सिलिंडरच्या पंखांमध्ये जाऊन बसते, त्यावर तेलाचा लेप चढतो आणि हवा जायला वाटच उरत नाही. पत्र्याचे ते आवरण काढून वर्षातून एकदा आत ब्रश फिरवणारे स्कूटरमालक किती, हा प्रश्न मी विचारत नाही. उत्तर सगळ्यांना माहीत आहे.

तरीही एकट्या उष्णतेने आटे जात नाहीत. आटे माणूस घालवतो. हेडच्या सांध्यातून ‘फुस्स’ असा आवाज आला, काळे तेल झिरपले, की मालक म्हणतो, “कसून टाक.” इंजिन अजून चटका देत असते. अकरा नंबरच्या पान्याला हातभर पाइप जोडला जातो आणि चारांपैकी जो नट हाताशी येईल तो आधी आवळला जातो. वास्तविक रीत अशी की इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे, नट समोरासमोरच्या जोडीने, तिरप्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत थोडे थोडे आवळावेत. पाइप लावून कसलेला नट त्या क्षणी घट्ट वाटतो. मग एकदम हाताला हलके लागते आणि नट फिरतच राहतो. स्टड उपसला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची नाजूक चकाकती वेटोळी अडकून वर येतात. पेन्सिलीला टोक काढताना निघणाऱ्या सालीसारखी दिसतात ती. तेच क्रँककेसचे आटे.

इथून पुढे जे घडते त्यावर माझा खरा आक्षेप आहे.

आमच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांची चेतक मी लहानपणापासून पाहत आलो. ज्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्या काळातली ती. तिच्या एका स्टडचे आटे गेले. पहिल्या गॅरेजात भोकात चिकटवण्याचा मसाला भरून स्टड बसवून दिला. गोरेगावच्या वाटेवर तो सुटला, कारण तसला मसाला तिथली उष्णता आणि ओढ या दोन्हींपुढे टिकत नाही. दुसऱ्या गॅरेजात हातात धरलेल्या ड्रिलने भोक मोठे केले आणि जाड बोल्ट घातला. तो तिरपा गेला, ब्लॉक त्यावरून खाली उतरेना, म्हणून ब्लॉकचे भोकही कोरले. तिसऱ्याने पाहिले आणि ते प्रसिद्ध वाक्य उच्चारले. स्कूटर वजनावर भंगारात गेली. ज्या दुखण्याने ती गेली, ते मुळात एका भोकाचे होते. बाकीची तीन भोके, क्रँक, गिअर, सांगाडा सगळे धडधाकट होते. गुरुजी आता पायी बाजारात जातात. “चालणं तब्येतीला बरं,” असे म्हणतात खरे, पण म्हणताना स्कूटर उभी असायची त्या कोपऱ्याकडे पाहतात.

याउलट मी हेच काम नीट होतानाही पाहिले आहे. आपल्याच शहरात रेल्वे लाइनीच्या पलीकडे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांच्याजवळ एका चपट्या डब्यात चार वस्तू होत्या : एक ड्रिल, एक खास टॅप, स्क्रू-ड्रायव्हरसारखे एक हत्यार आणि स्प्रिंगसारखी काही वेटोळी. या वेटोळ्याला हेलिकॉइल म्हणतात. ते स्टेनलेस स्टीलच्या तारेचे असते आणि तारेचा छेद गोल नसून चौकटच्या पत्त्यावरील खुणेसारखा असतो. त्यामुळे वेटोळ्याला आतून आणि बाहेरून असे दोन्ही बाजूंनी आटे तयार होतात. जुने भोक किंचित मोठे करायचे, त्यात त्या खास टॅपने नवे, मोठ्या व्यासाचे आटे पाडायचे, वेटोळे त्यात फिरवून बसवायचे आणि मग त्याच्या आत मूळ मापाचाच स्टड लावायचा. वेटोळे मोकळे असताना भोकापेक्षा जरा मोठे असते. आवळून आत सोडले की ते बाहेरच्या बाजूने दाब धरून बसते आणि सहसा हलत नाही.

सांगायला चार वाक्ये लागली. करायला त्यांना अर्धा दिवस लागला, आणि त्या अर्ध्या दिवसातला बहुतेक वेळ भोकाला हात न लावण्यात गेला. आधी क्रँककेसचे तोंड स्वच्छ कापडाने गच्च बंद केले, कारण ॲल्युमिनियमचा एक कीस बेअरिंगवर पडला तर दुरुस्तीच नवे दुखणे होते. ड्रिलला ग्रीस फासले, म्हणजे कीस त्याला चिकटून वर येतो. भोक काटकोनात जावे म्हणून त्यांनी एक जुना, फेकलेला ब्लॉक जपून ठेवला होता. त्याच्या स्टडच्या भोकात लेथवर बनवून घेतलेली पोलादी नळी बसवली, ब्लॉक उरलेल्या तीन स्टडांवर चढवला आणि नळीतून ड्रिल खाली सोडला. आता ड्रिलला तिरपे जायचे म्हटले तरी जागा नाही. भंगारातल्या ब्लॉकलाच मार्गदर्शक करण्याची ही युक्ती त्यांनी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नव्हती.

मग टॅप. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटून मोकळा होतो. मधून मधून रॉकेलचे थेंब, कारण ॲल्युमिनियम कोरडे कापले की टॅपला चिकटते आणि आटे फाटतात. मी विचारले, “मिस्त्री, इतकं मागं-पुढं कशाला?” ते मान वर न करता म्हणाले, “घाई केली का ही चुडीबी मेलीच समजा, भाऊ.” वेटोळे पृष्ठभागाच्या किंचित खाली, साधारण अर्धा आटा आत जाऊन थांबले. त्याच्या तळाशी तारेची एक आडवी शेपटी असते. तिला धरूनच ते फिरवायचे असते. काम झाल्यावर मिस्त्रींनी ती टोचणीने तोडली आणि चिमट्याने बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवली. “मोजून ठेवायची. आत राहिली तं पिस्टन खाते.” स्टड त्यांनी पाना न लावता बोटांनी फिरवून बसवला. त्याला जोर लागतो तो वर नट आवळताना. बसवताना जोर लावण्याचे कारणच नाही.

अशा तऱ्हेने दुरुस्त केलेले भोक मूळच्या भोकापेक्षा पक्के असते, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे. नव्या रचनेत ॲल्युमिनियमला जो आटा धरून ठेवायचा आहे तो मोठ्या व्यासाचा, म्हणजे ओढ जास्त धातूवर वाटली जाते. आणि स्टड ज्या आट्यांवर घासतो ते आता पोलादाचे. साध्या भोकात बहुतेक भार पहिल्या दोन-तीन आट्यांवरच पडतो, वेटोळे जरासे लवचीक असल्यामुळे तो खालच्या आट्यांपर्यंत पोचवते. विमानांच्या हलक्या धातूच्या भागांत अशी वेटोळी बिघाड होण्याची वाट न पाहता कारखान्यातच बसवण्याची पद्धत आहे. म्हणजे गोंदियात ज्याला ‘जुगाड’ म्हणून नाक मुरडले जाते, ते आकाशात उडणाऱ्या यंत्रात मूळ आराखड्याचा भाग असते.

जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटल मोटारीची गोष्ट याहून बोलकी आहे. तिचेही इंजिन हवेने थंड होणारे, आणि क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, म्हणजे अधिकच मऊ. तिचे हेडचे स्टड उपसून येऊ लागले. सामान्य माणसाला वाटेल की कंपनीने स्टड जाड केले असतील. केले उलटेच : दहा मिलिमीटरचे स्टड काढून आठ मिलिमीटरचे घातले आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला क्रँककेसमध्ये पोलादी आट्यांच्या नळ्या कारखान्यातच बसवायला सुरुवात केली. बारीक स्टड जास्त ताणला जातो, रबरासारखा थोडा देतो, आणि त्यामुळे गरम झालेले इंजिन आट्यांना तितक्या जोराने ओढत नाही. आपल्याकडचा ‘जाड बोल्ट टाक’ हा मंत्र कसा उलट्या दिशेने जातो, हे यावरून ध्यानात यावे.

चेतकचे स्टड सात मिलिमीटरचे. त्यासाठी खालून आठ आणि वर सात असे पायरीचे स्टडही मिळतात. भोकाभोवती धातू पुरेसा शिल्लक असेल आणि नवे आटे सरळ पाडले असतील, तर तो उपायही प्रामाणिक आहे. वेटोळ्याचाच हट्ट धरावा असे माझे म्हणणे नाही. लेथवर पोलादी बुश बनवून बसवणे हाही उत्तम मार्ग. भोक वेल्डिंगने भरून नव्याने कोरणे मात्र मला धोक्याचे वाटते. वर्षानुवर्षे तेल प्यालेला तो धातू वेल्डिंग नीट धरत नाही, आणि उष्णतेने क्रँककेस वाकला की बेअरिंगच्या जागाच बिघडतात.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप धुराचा, आणि तो खरा आहे. जुनी दोन-स्ट्रोक चेतक पेट्रोलबरोबर ऑइल जाळते, निळा धूर सोडते. शहरात रोज शेकड्यांनी त्या धावाव्यात असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. सरकारने पंधरा वर्षांनंतर नोंदणी नव्याने करण्याचा आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणीचा नियम केला आहे, तो योग्यच. पण एखादी गाडी त्या तपासणीत नापास होऊन रस्त्यावरून जाणे वेगळे आणि एका भोकामुळे, कोणाला दुरुस्ती येत नाही म्हणून जाणे वेगळे. शिवाय हा प्रश्न चेतकपुरता नाहीच. आजच्या चार-स्ट्रोक मोटारसायकलींचेही हेड आणि क्रँककेस ॲल्युमिनियमचेच आहेत. त्यांचे स्पार्कप्लगचे आणि ऑइल सोडण्याच्या बोल्टचे आटे रोज कुठे ना कुठे जात असतात आणि मालकांच्या हातात पूर्ण नव्या हेडचे बिल पडते.

दुसरा आक्षेप असा की, हे सारे आयटीआयच्या मुलांनी शिकावे, बी. ए. च्या वर्गाचा याच्याशी संबंध काय? हा प्रश्न मला एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारला आणि मला तो फार वेळ टोचत राहिला. दहावीला गुण पडले तर कॉलेज, नाही पडले तर आयटीआय, ही आपली विभागणी. हात एकीकडे, डोके दुसरीकडे. गंमत अशी की ही विभागणी मोडण्याचा सर्वांत मोठा विचार आपल्याच विदर्भात मांडला गेला. गोंदियाहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर नागपूरनंतर वर्धा लागते. त्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने ‘नई तालीम’ची योजना आखली. हस्तव्यवसाय शिक्षणाच्या शेवटी जोडायचा नाही, तोच शिक्षणाचा कणा करायचा, असा तिचा आग्रह होता. आपण शिक्षणशास्त्राच्या पेपरात त्यावर टीप लिहितो, पाच गुण मिळवतो आणि उत्तरपत्रिकेबरोबर तो विचारही जमा करून येतो.

वर्ध्याचा या स्कूटरशी आणखीही एक धागा आहे. तो लेखाला आवश्यक नाही, पण सांगण्याचा मोह होतो. गांधीजींना वर्ध्यात आणणारे जमनालाल बजाज यांचे घराणे आणि चेतक बनवणारे घराणे एकच. १९४५ साली स्थापन झालेल्या बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनमधून पुढे बजाज ऑटो उभी राहिली. बच्छराज हे जमनालालजींना नातू म्हणून दत्तक घेणारे वर्ध्याचे शेठ. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक बाजारात आली. कंपनीने २००९ च्या डिसेंबरात स्कूटर बनवणे थांबवण्याची घोषणा केली, आणि २०१९ मध्ये तेच नाव विजेवर चालणाऱ्या गाडीला दिले. तिला हेडही नाही आणि स्टडही नाहीत. असो.

मला म्हणायचे आहे ते हे की, या कामात कला शाखेचाच मोठा वाटा पडून राहिला आहे. त्या वयस्क मिस्त्रींच्या हातात जे ज्ञान आहे ते लिहिलेले नाही. ब्लॉकला मार्गदर्शक करण्याची युक्ती, शेपटी मोजून ठेवण्याची शिस्त, कोणत्या भोकाभोवती धातू पातळ असतो याची माहिती हे सारे त्यांच्याबरोबर जाणार. त्यांच्या गॅरेजात शिकायला आता कोणी पोर येत नाही. आले तरी दोन महिन्यांत शोरूममध्ये नोकरी धरते, जिथे दुरुस्ती म्हणजे डबा फोडून नवा भाग बसवणे. त्या पोराला मी दोष देत नाही, तिथे पगार वेळेवर मिळतो. पण ऐकणे, प्रश्न विचारणे, बोलीतला शब्द जसाच्या तसा टिपणे आणि मग सगळ्यांना कळेल असे लिहिणे, हेच तर आपल्याला तीन वर्षे शिकवले जाते. लोकगीते गोळा करायला आपण वही घेऊन गावोगाव जातो; दंडारीवर आपल्याकडे प्रकल्प होतात, झाडीबोलीवर चर्चासत्रे होतात. ‘चुडी मरली’ हेही या मातीतलेच बोलणे आहे. ते टिपायला कोणी गेलेले नाही, कारण त्या वहीला ऑइलचे डाग पडतात.

म्हणून मराठी विभागापुढे आणि विद्यार्थी संघापुढे दोन मागण्या ठेवतो. एक, येत्या वर्षी भाषेच्या एका प्रकल्पाचा विषय गॅरेज असावा. चार विद्यार्थ्यांनी चार गॅरेजांत महिनाभर बसावे. शब्द, त्यांचे अर्थ आणि कामाची रीत लिहून काढावी आणि ती वही आयटीआयच्या फिटर व मोटार मेकॅनिकच्या शिक्षकांकडून तपासून घ्यावी. दोन, वेटोळी बसवण्याचा संच एका मापाचा एक असाच येतो आणि महिन्यात एखादेच काम येणाऱ्या मिस्त्रीला चार-पाच मापांचे संच घेणे परवडत नाही. अडते ते इथेच. तेव्हा आयटीआय किंवा गॅरेजवाल्यांची एखादी संघटना यांच्याकडे संच सामाईक ठेवावेत, अनामत ठेवून आणि वहीत सही करून कोणीही न्यावेत. वाचनालय जसे पुस्तक देते तसे. यात मोडण्याची भीती टॅपची असते, म्हणून प्रत्येक मापाचे दोन टॅप हवेत.

सुरुवात कोणत्या मापाने करावी असे मी मिस्त्रींना विचारले. त्यांनी बोटे मोजली. आधी सहाचा, कारण सगळ्या गाड्यांची झाकणे त्यावर, मग स्पार्कप्लगचा चौदाचा, मग आठचा. चेतकचा सातचा शेवटी. “त्या गाड्याच आता किती राहिल्या?” ते म्हणाले, आणि डबा बंद करून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.